जिंगल आपली, जिन्नस त्यांचा

ज्या पदार्थाची चव कधी घेतली नाही, त्याचं गाणं मात्र चाळीस वर्षांनीही तोंडपाठ आहे. दूरदर्शनवरच्या खाण्यापिण्याच्या जुन्या जाहिराती आठवून आज हळव्या होणाऱ्या कितीतरी माणसांच्या बाबतीत हे खरं आहे. ते पावडरचे डबे, त्या रंगीत बाटल्या, ती चॉकलेटं त्यांच्या घरात सहसा आलीच नाहीत. आली तर कुणी आजारी पडलं म्हणून, नाहीतर बऱ्या नोकरीतला एखादा मामा पाहुणा आला म्हणून. घरात रेशनचे गहू आणि तांदूळ, कानात मात्र देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची गाणी. या विसंगतीकडे आपण सहसा बघत नाही. आठवण आली की ‘काय दिवस होते ते’ म्हणतो आणि तिथेच थांबतो.

तिथे थांबू नये, असं मला वाटतं. या हळवेपणात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्याची एकदा नीट वाटणी करायला हवी. त्या आठवणीतलं आपलं काय आणि विकणाऱ्याचं काय, हे वेगळं काढलं नाही, तर आपलंच बालपण आपल्याला छापील किमतीला परत विकलं जाईल. ते विकलं जाऊ लागलंही आहे.

ही वाटणी कशी करायची ते मुंबईजवळच्या दिव्यात चांगलं समजतं, कारण दिवा बाहेरून आलेल्या माणसांनी भरलेलं आहे. मूळचं हे खाडीकाठचं आगरी गाव, भातशेतीचं आणि मासेमारीचं. मध्य रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे इथून एक फाटा वसईला जातो, एक पनवेलला. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. मुंबईत जागा परवडेना तेव्हा माणसं मुंब्र्याच्या पलीकडे या खाडीपट्ट्यात सरकली. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळ उसवत गेलं, त्यातली काही कुटुंबं आधी डोंबिवलीकडे, मग दिव्याकडे आली. त्यांच्या शेजारी खानदेशातले, साताऱ्याकडचे, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेशातले लोक राहायला आले. एका मजल्यावरच्या चार घरांत चार तऱ्हेची भाकरी किंवा रोटी होते. कुलदैवतं वेगळी, बोली वेगळ्या, लग्नातली गाणीही वेगळी.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात अंताक्षरी रंगते तेव्हा मात्र एक गोष्ट लक्षात येते. सिनेमाचं गाणं सुचलं नाही की कुणीतरी जुनी जिंगल म्हणतं. नियमात बसत नाही म्हणून पंच हरकत घेतात, पण तोवर सगळा मांडव ती म्हणायला लागलेला असतो. मालवणची काकू, जळगावचे भाऊ, जौनपूरचा दुकानदार, सगळ्यांना तीच चाल, तेच शब्द, शेवटचं तेच हसू. ज्यांच्यात एक ओवी समान नाही, त्यांच्यात पापडाची जाहिरात समान आहे. ही गोष्ट क्षुल्लक नाही. विखुरलेल्या माणसांना एकत्र बांधणारं काहीतरी लागतं, आणि या पिढीला ते जाहिरातीत सापडलं.

हे कसं घडलं, ते सरळ आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यावर व्यापारी जाहिराती १९७६ पासून आल्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ आलं, तेव्हा त्याची प्रायोजक नूडल्स विकणारी कंपनी होती. मॅगी त्याच्या आदल्याच वर्षी भारतात आली होती. म्हणजे देशातली पहिली गाजलेली मालिका आणि दोन मिनिटांत होणारा परका पदार्थ हातात हात घालूनच घरात शिरले. वाहिनी एकच, चाळीत संच एखाद-दुसरा, आणि समोर पूर्ण मजला. ‘छायागीत’ असो की शनिवारचा मराठी चित्रपट, आधीच्या आणि मधल्या जाहिराती चुकवायची सोय नव्हती. चुकवायची इच्छाही नव्हती. जागा मिळावी म्हणून मुलं आधीच येऊन बसत, त्यामुळे जाहिराती त्यांना सगळ्यांत जास्त दिसत.

त्या बसण्याचं फार गोड चित्र रंगवू नये. ज्याचा टीव्ही त्याची मर्जी. काही घरांत मुलांना हक्काने आत घेत, काही घरांत ऐन रंगात आलेल्या सिनेमाच्या वेळी दार लोटून घेत. कोण आत, कोण उंबऱ्याशी, कोण खिडकीच्या गजाला धरून, हे बहुतेक ठरलेलं असायचं, आणि ते ठरवताना घरची ऐपत आणि जातही बघितली जायची. पण गजाला धरून उभ्या राहिलेल्या मुलालाही गाणं पूर्ण ऐकू यायचं. खुर्चीवरच्या मुलाला जास्त आणि खिडकीतल्याला कमी, असं गाण्याच्या बाबतीत करता येत नाही. चॉकलेट एकालाच मिळायचं, जिंगल दोघांना. म्हणून ज्यांना पदार्थ मिळाला नाही, त्यांची आठवण मला जास्त खरी वाटते. ती चवीची आठवण नाही, हवंहवंसं वाटण्याची आहे. आणि ते हवंहवंसं वाटणं त्यांचं स्वतःचं होतं, कुठल्याही कंपनीने ते डब्यात भरून दिलेलं नव्हतं.

गाण्यांचं श्रेयही गाणाऱ्यांना आणि चाल लावणाऱ्यांना द्यायला हवं. वनराज भाटियांसारख्या मोठ्या संगीतकाराने जाहिरातींना संगीत दिलं. आपल्या अशोक पत्कींनी असंख्य जिंगल्स बांधल्या. वीस-तीस सेकंदांत मुखडा, शब्दांची फेक आणि कानात अडकून राहील असा शेवट बसवणं हे कसबी माणसाचंच काम आहे. त्या चाली टिकल्या याचं कारण मालाच्या दर्जात नाही, या कसबात आहे. मालाचा कारखाना बंद पडला तरी चाल चालूच राहते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

इथवर आपल्या वाट्याचं झालं. आता विकणाऱ्याच्या वाट्याचं.

त्या जाहिरातींनी आपल्याला गाणं दिलं, तसा एक न्यूनगंडही दिला. आईने दिलेलं नुसतं दूध पुरेसं नाही, त्यात काहीतरी घालायला हवं. घरची पोळी-भाजी खाऊन उंची वाढत नाही. डब्यात पोळीऐवजी पाकीट असलं तर मूल हुशार. हे सगळं प्रेमळ आवाजात, हसऱ्या आईच्या तोंडून सांगितलं जायचं, म्हणून ते खोलवर गेलं. ज्या आईला तो डबा परवडत नव्हता, तिने मुलाला काहीतरी कमी पडू दिलं असं तिलाच वाटत राहिलं. या अपराधीपणाची नोंद आपल्या हळव्या गप्पांत कधी होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात अशी काही वर्गवारीच नाही. कितीतरी वर्षं आयांनी ज्या शब्दावर विश्वास ठेवून महिन्याच्या सामानातून पैसे बाजूला काढले, त्या शब्दाला कायद्याचा आधार नव्हता. हे कळल्यावरही जुनी चाल ऐकून छान वाटत असेल तर वाटू द्यावं. पण त्या छान वाटण्याचा फायदा डब्याला मिळता कामा नये.

सगळ्याच जाहिराती एका मापाने मोजणं मात्र अन्यायाचं होईल. नीट आठवून पाहिलं तर मनात घर करून राहिलेल्या कितीतरी जिंगल्स कुठल्या मालकाच्या नव्हत्याच. आठवड्याच्या वारांचं यमक जुळवून रोज अंडी खायला सांगणारी जाहिरात नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटीची, म्हणजे अंडी उत्पादकांच्या संघटनेची. व्यापारी ठरवतील त्या भावाने, प्रसंगी उत्पादन खर्चाच्याही खाली अंडी विकावी लागत होती, म्हणून पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने पोल्ट्रीवाले शेतकरी १९८२ मध्ये एकत्र आले. आपला भाव आपण जाहीर करायचा, हे त्यांनी ठरवलं. आजही दिव्यातला अंडीवाला त्या दराच्या आधारानेच भाव सांगतो. कुठल्याही ब्रँडचं नाव न घेता नुसतं दूध प्या म्हणणारी जाहिरात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची. अमूलच्या जाहिरातीत वाजायचं ते ‘मंथन’ सिनेमातलं गाणं. तो १९७६ चा श्याम बेनेगलांचा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला होता.

आणि पापड. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या हातातला जाहिरातीतला तो ससा आठवला की चेहऱ्यावर हसू येतं. त्या सशामागे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन ती सुरू केली. पुढे हजारो बायका तिच्यात आल्या, आणि प्रत्येक जण नोकर नसून भागीदार. हे काम जवळून पाहिलं तर जाहिरातीत काय नव्हतं ते कळतं. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घेऊन यायचं. घरातलं आवरून पोळपाट मांडायचा. पिठाचा गोळा ओढून त्याच्या सारख्या आकाराच्या लाट्या करायच्या. पापड एका मापाचा हवा, कड जाड राहता कामा नये, मधे भोक पडता कामा नये. मान खाली, खांदा अवघडलेला, मनगट भरून आलेलं. पावसाळ्यात वाळवायचं कसं ही रोजची चिंता, कारण दहा बाय बाराच्या खोलीत पापड पसरले की मुलांना बसायला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड केंद्रावर नेऊन वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. त्या लाटणावळीवर मुलांच्या फिया भरल्या गेल्या, नवऱ्याची नोकरी गेलेली घरं तगली. जाहिरातीत ससा हसायचा. लाटणारी बाई आठवणीत ठेवायचं काम आपलं होतं, आणि त्यात आपण कमी पडलो.

जुन्या जाहिरातींची आठवण काढताना पुढे कोण गात होतं आणि मागे कोण राबत होतं, हे दोन्ही आठवायला हवं. दूधवाल्या शेतकऱ्यांचं गाणं आणि साखरेच्या पावडरीचं गाणं कानाला सारखंच गोड लागतं. त्यांतला फरक कान सांगत नाही, तो समजून घ्यावा लागतो.

हा फरक आज जास्त महत्त्वाचा झाला आहे, कारण आठवण हा आता स्वतंत्र विक्रीचा माल आहे. याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगावला साखर कारखाना काढला. पुढे तिथे गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड ही नावं शाळेबाहेरच्या बरणीतून आणि टीव्हीवरून आपल्या तोंडी बसली. २०२४ मध्ये या गोळ्यांची नावं, पाककृती आणि त्यांवरचे हक्क सत्तावीस कोटींना रिलायन्सने घेतले. जमीन, इमारती, यंत्रं मात्र मूळ कंपनीकडेच राहिली. ज्या यंत्रांतून गोळी पडायची ती कुणी मागितली नाहीत, मागितलं ते नाव, आणि नावाला चिकटलेलं आपलं बालपण. त्याआधी २०२२ मध्ये याच समूहाने कॅम्पा हे जुनं शीतपेयाचं नाव घेतलं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा बाजारात आणलं. १९९४ ची कॅडबरीची ती क्रिकेटची जाहिरात, मैदानात नाचत धावणाऱ्या मुलीची, २०२१ मध्ये मुलगा-मुलगी अदलाबदल करून पुन्हा केली गेली. ती सुंदर होती, मलाही आवडली. पण तिची सगळी ताकद आपल्या आठवणीत होती. जिला पहिली जाहिरात ठाऊक नाही तिला दुसरी अर्धीच कळते. म्हणजे कच्चा माल आपण पुरवला, तोही फुकट.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा आनंदाचा एवढा हिशेब कशाला? दिव्याच्या गर्दीतून लटकत जाऊन-येऊन थकलेल्या माणसाला दोन मिनिटं जुनं गाणं ऐकून बरं वाटत असेल तर वाटू द्या. मीही तेच म्हणतो, वाटू द्या. गाणं म्हणायला पैसे पडत नाहीत. पण तो आनंद दुकानात जाऊन पुरा करायला सांगितलं जातं, तेव्हा हिशेब सुरू होतो. स्टेशनबाहेरच्या किराणा दुकानात पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. पुढच्या बाजूला ‘तीच जुनी चव’, मागे बारीक अक्षरात साखर, मीठ, तेल. लहानपणी जे वर्षाकाठी एखाद्या वेळी मिळायचं म्हणून अप्रूप होतं, ते आज मुलाच्या हातात रोज आहे. वर्षातून एकदा खाल्लेल्या गोळीची आठवण रोजच्या पाकिटाची वकिली करते, तेव्हा ती आठवण आपल्या मुलांच्या तब्येतीवर उठलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एकच वाहिनी होती म्हणून सगळ्यांचं एक गाणं झालं. मग सरकारच्या हातातली ती एकच वाहिनी चांगली होती का? नव्हती. निवड नव्हती, खूप आवाज ऐकूच येत नव्हते. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या काळाने अजाणता एक सामायिक गोष्ट दिली, आणि आजच्या व्यवस्थेत तिच्यासाठी जागा नाही. आज दिव्याहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या मोबाइलवर दोन वेगळ्या जाहिराती असतात, प्रत्येकाचा खिसा आणि भूक बघून निवडलेल्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियम केले. मुलांच्या कार्यक्रमात चिप्स आणि शीतपेयांची जाहिरात करू नये, असं त्यात आहे. पण मुलं बघतात तो कार्यक्रम आता वाहिनीवर कुठे असतो? तो हातातल्या पडद्यावर असतो, आणि कुठे कार्यक्रम संपून जाहिरात सुरू झाली हे मोठ्यांनाही कळत नाही. निदान जुनी जिंगल उघडपणे सांगायची की मी विकायला आले आहे.

मला सगळ्यांत जास्त टोचतं ते मात्र वेगळंच. ज्यांच्याकडे जाहिरातीचे पैसे होते, त्यांचंच खाणं आपल्या आठवणीत राहिलं. तांदळाच्या भाकरीची जिंगल नव्हती. खाडीतल्या निवट्यांची, चिंबोऱ्यांची, जवळ्याच्या चटणीची नव्हती. कोकणातल्या कुळथाच्या पिठीची, नाचणीच्या आंबिलीची नव्हती. खानदेशातल्या कळण्याच्या भाकरीची किंवा जौनपूरच्या सत्तूचीही नव्हती. दिव्यात हे सगळं शिजतं, आणि या पदार्थांवरच ती सगळी मुलं वाढली. तरीही बालपणीचं खाणं म्हटलं की ओठांवर पाकीटबंद पदार्थाचं गाणं येतं. पोट एकाने भरलं, आठवण दुसऱ्याच्या नावावर लागली. आता २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर तीच नाचणी बिस्किटाच्या रूपात, आजीचं चित्र छापून, दुकानात आली आहे. तिची जाहिरातही आहे.

खरं तर अन्नाला गाणं देणारी पहिली माणसं जाहिरातवाले नव्हते. आपल्या गावागावांत पहाटे जात्यावर बसून बायका दळत होत्या आणि ओव्या म्हणत होत्या. पीठ आणि गाणं एकाच वेळी, एकाच बाईच्या हातातून आणि तोंडातून येत होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या वाचल्या. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं तसं ते गाणंही थांबलं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत काही वर्षांनी जिंगल येऊन बसली. अन्नाचं गाणं राबणाऱ्याच्या तोंडून निघून विकणाऱ्याच्या तोंडी गेलं. आपल्या पिढीने ते विकणाऱ्याकडून ऐकलं, म्हणून आपली आठवण त्याच्या दुकानाकडे ओढ घेते.

ती ओढ आपल्याला वळवता येईल. जिंगल म्हणत राहू; ती आपल्या शेजारपाजाऱ्यांसोबत ऐकलेली आहे, तिच्यावर आपला हक्क आहे. ‘जुनी चव’ लिहिलेलं पाकीट हातात आलं की उलटं करून मागचा मजकूर वाचू. ज्यांनी पापड लाटले, दूध घातलं, कोंबड्या पोसल्या, त्यांची नावं मुलांना गाण्याबरोबर सांगू. आणि दिव्यात आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या ज्या बायका आहेत, आगरी, मालवणी, खानदेशी, त्यांच्यापाशी बसून विचारू की तुम्ही लहानपणी काय खात होता, ते कसं करत होता आणि करताना काय म्हणत होता. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहेच, रेकॉर्ड करायला दहा मिनिटं पुरतात. इथल्या शाळांनी मुलांना सुट्टीत एवढा एक प्रकल्प दिला तरी पुष्कळ हाती लागेल. कंपन्यांनी त्यांची आठवण सांभाळायला माणसं नेमली आहेत, पैसे मोजले आहेत. या बायकांची आठवण सांभाळायला आपल्याशिवाय कुणी नाही, आणि त्यांच्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत.